'नाही'चा रकाना

डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा, चहाची सुट्टी. ठिकाण आमच्या वाडीतली चिकू निवडायची शेड, आगरच्या रस्त्याला. हजर: मी, मुकादमीण, तिच्या हाताखालच्या सात बायका, टेम्पोवाला. गैरहजर: माझे यजमान, डहाणूला बँकेत.

ही नोंद माझ्या हजेरीच्या वहीत आहे. तिच्याखाली दुसऱ्या शाईत एक ओळ आहे: 'पाडा, वेगळी ग्रामसभा, कागद काय लागतात?' त्या ओळीमुळे पुढे जे झालं ते लिहून ठेवते आहे, कारण त्यात चूक माझी होती आणि ती अजून पुरती निस्तरलेली नाही.

आधी माणसं. मुकादमीण पंचेचाळिशीची आहे. रानशेतच्या पुढे, रस्ता सोडून आत गेलं की तिचा पाडा लागतो. अकरा वर्षं ती आमच्याकडे येते. कोणी चिकू धुवायचे, कोणी मोठे काढायचे, कोणी बारके, हे तीच ठरवते आणि मी त्यात बोलत नाही. तिचं माहेर तलासरीकडचं. ती मला 'बाई' म्हणते आणि 'तू' म्हणते. त्यांच्या बोलीत वडीलधाऱ्यांनाही तूच असतं, त्यामुळे त्यात कमीजास्त काही नाही.

टेम्पोवाला डहाणूचा. घरी गुजराती, बाजारात मराठी, मोबाइलवर हिंदी. रोज सकाळी पाड्यावरून बायकांना आणतो, संध्याकाळी सोडतो, मधल्या वेळात आमची खोकी पोचवतो. देशाचं काय करायला हवं हे त्याला नेहमी माहीत असतं.

शेडमध्ये राजकारण बोलायचं नाही असा नियम मी एकदा केला होता. एका निवडणुकीनंतर दोघी बायका एका टेबलावर बसेनात, म्हणून. नियम दोन महिनेसुद्धा टिकला नाही. एक बाई म्हणाली, "बाई, विहिरीचं पाणी आटलं हे बोलायचं का नाय?" मी म्हटलं, ते बोला. "मग कोणी आटवलं ते?" तेव्हापासून पक्षाचं नाव घ्यायचं नाही एवढंच ठेवलं आहे, बाकी सगळं चालतं. हात चिकूत आणि मान खाली असली की माणसं बरंच मोकळं बोलतात. समोरासमोर बसून त्याच गोष्टी विचारल्या तर गप्प होतात.

त्या मंगळवारी टेम्पोवाल्याने सुरुवात केली. "भाभी, मी सांगतो, या देशाला एक कडक माणूस पाहिजे. बस. बाकी सब बकवास."

"तुझ्या घरात आहे ना कडक माणूस," मुकादमीण म्हणाली. "तुझी बायको. मग झालं का तुझं भलं?"

बायका हसल्या. टेम्पोवाला म्हणाला, "ती कडक आहे म्हणून तर मी टायमावर येतो."

"टायमावर? काल अर्धा तास आम्ही वडाखाली उभ्या होतो."

"ते रस्त्याचं. रस्ता कोणाकडे? सरपंचाकडे. म्हणून म्हणतो, कडक माणूस पाहिजे."

सगळ्यांत तरुण मुलीने मध्येच विचारलं, "मत दिलं आणि तो पलटला, तर मत परत मिळतं का?"

"दुकान आहे का, माल परत घ्यायला?" टेम्पोवाला म्हणाला.

"दुकानदार तरी बदलून देतो," ती म्हणाली.

मग मुकादमीण बोलली. आवाज तोच, हात चालू. "माझ्या माहेरी पाड्याची स्वतःची सभा झाली. मोठ्या गावात जायला लागत नाय. आपलं काम आपणच ठरवतात. दिवाळीला गेले तेव्हा भावाने सांगितलं. माझ्या पाड्याला पण तशी सभा पाहिजे."

मी विचारलं, कशासाठी.

तिने सांगितलं. त्यांचा पाडा मोठ्या गावच्या ग्रामसभेत येतो. सभा गावात, पायी तासभर. जायचं तर दिवस मोडतो. मोठ्या गावचे विषय आधी होतात, पाड्याचा विषय येईपर्यंत माणसं उठून गेलेली असतात. पाड्याची विहीर मार्चला आटते. ओहोळाच्या वरच्या अंगाला पाणी आहे, तिथे विहीर खणा, असं पाडा पाच वर्षं सांगतो आहे. पाच वर्षं ते कागदावर येत नाही. "पाणी कुठे आहे ते आम्हाला माहीत. लिहिणारे तिकडे. आपली सभा असली तर लिहिणार पण आपण."

आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठी जो पेसा कायदा आहे त्यात अशी तरतूद आहे हे मी ऐकून होते. संध्याकाळी माहिती काढली. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी मागणी केली, की अर्ज डहाणूला प्रांत ऑफिसात द्यायचा. मला हे सोपं वाटलं. यादी करायची, सह्या घ्यायच्या, मोजायच्या, अर्ज जोडायचा. असली कामं मी वीस वर्षं करते आहे: सोसायटीची, शाळेच्या पालक समितीची, देवळाच्या उत्सवाची.

मी पाड्याची मतदार यादी मिळवली. लांब कागदांवर रेघा आखल्या. अनुक्रमांक, नाव, वय, त्यापुढे दोन रकाने: 'होय' आणि 'नाही'. शेवटी सही अथवा अंगठा. दोन रकाने मी मुद्दाम ठेवले. नुसता 'होय' ठेवला तर आधीच ठरवून आल्यासारखं दिसेल, असं मला वाटलं. माणसाला नाही म्हणायची जागा हवी. हा माझा राजकीय विचार म्हणायचा तर म्हणा. तो मी चांगल्या मनाने केला होता.

यजमानांनी रात्री जेवताना कागद पाहिले. म्हणाले, "रेघा छान आल्यात. पण तू कशाला पडतेस यात? त्यांची सभा, त्यांना करू दे."

"त्यांनीच मागितलीय."

"सभा मागितली. रेघा नाही मागितल्या."

हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

घरोघर कोण फिरणार हा प्रश्न होता. मुकादमिणीला वाचता येतं, पण जेमतेम. टेम्पोवाला म्हणाला, "मी जातो ना भाभी, रोज तिकडेच असतो. सकाळी पाच-सहा घरं, संध्याकाळी पाच-सहा. आठवड्यात उडवतो." मी त्याला पेन दिलं, शाईचा पॅड दिला, कसं विचारायचं ते सांगितलं. नाव वाचायचं, प्रश्न वाचायचा, दोन्ही रकाने दाखवायचे, ते म्हणतील तिथे खूण करायची, पुढे सही किंवा अंगठा घ्यायचा.

आठव्या दिवशी कागद परत आले. मी शेडमधल्या वजनाच्या टेबलावर पसरून मोजले. पाड्यात मतदार एकशे दोन. होय, एकसष्ट. नाही, एकोणीस. उरलेले बावीस बाहेर, काही वीटभट्टीवर, काही बोटींवर. निम्म्याहून जास्त म्हणजे बावन्न पुरे होते. आपल्याकडे एकसष्ट.

"झालं काम," मी म्हटलं. "उद्या अर्ज लिहिते, परवा प्रांत ऑफिसला देते."

मुकादमिणीने हात पदराला पुसले आणि कागदावर वाकली. तिला आकडे नको होते, ती उजव्या बाजूचे अंगठे बघत होती. बोट पहिल्या पानाच्या वरच्या भागात थांबलं. "हा कोण?"

मी नाव वाचलं. तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. पाड्यात त्यांचं वय सगळ्यांत जास्त नसेल, पण बैठक त्यांच्या अंगणात होते. त्यांच्या नावापुढे 'नाही'च्या रकान्यात खूण होती आणि अंगठा नीट, पूर्ण उमटलेला होता.

"हे नाही म्हणाले?"

"खूण तिथे आहे."

ती टेम्पोवाल्याकडे वळली. "काय विचारलंस तू जेठांना?"

"जे भाभीने सांगितलं तेच. होय का नाही? ते बिडी ओढत बसले होते. म्हणाले, काय काय आहे कागदावर? मी म्हटलं, काका, दोन खाने आहेत, हा होय, हा नाही. म्हणाले, नाहीमध्ये लिही. मी लिहिलं. मग पुढच्या घरांनी विचारलं, काकाने काय लिहिलं. मी सांगितलं. खोटं बोलू?"

त्या दिवशी मुकादमिणीने माल नेहमीसारखा काढला, पण दुपारी डबा तसाच परत नेला.

पुढच्या आठवड्यात मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली शेडमध्ये. सातांपैकी दोघी 'नाही' लिहिलेल्या घरातल्या होत्या. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागल्या, आणि बारक्या चिकूंत मोठे जाऊ लागले, कारण दोन टोकांच्या मधलं कोणी बघत नव्हतं. दुसरी गोष्ट टेम्पोवाल्याने सांगितली. पाड्यावर आता विहिरीवर दोन पाळ्या झाल्या होत्या. आधी एका बाजूच्या बायका पाणी भरून जातात, मग दुसऱ्या बाजूच्या येतात. मुकादमीण आणि तिची मोठी जाऊ लग्न झाल्यापासून एका वेळी पाणी भरत आलेल्या. आता नाही.

मी मुकादमिणीला बाजूला घेतलं. "अर्ज तयार आहे. सही तुझी पहिली. कायद्याने आपल्याला पुरेसे आहेत."

"देऊ नको."

"का? नऊ जास्त आहेत."

"बाई, एकसष्ट म्हणजे पाडा नाय."

"निम्म्याहून जास्त म्हणजे पाडाच. असंच असतं सगळीकडे. निवडणुकीत काय होतं?"

"निवडणूक पाच वर्षांनी येते, गाडी घेऊन जाते. विहिरीवर रोज जायचं असतं." ती म्हणाली, "आमच्यात 'नाही' असं कोणी म्हणत नाय. तुला माहीत नाय ते."

मग तिने मला सांगितलं, आणि मी ते तिथेच उभ्याने ऐकलं. पाड्यावर काही ठरवायचं असलं की सगळे बसतात. बोलतात. ज्याला पटत नाही तो नाही म्हणत नाही, तो म्हणतो, "बघू." किंवा उठून बिडी पेटवायला जातो. तो उठला की सगळ्यांना कळतं, आज नाही. मग काही दिवसांनी परत बसायचं. मधल्या काळात त्याच्या घरी कोणीतरी जातं, कोणीतरी समजूत काढतं, कधी ठरावच थोडा बदलतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो माणूस म्हणतो, "तुमचं तुम्ही बघा, मी काय आडवा नाय." झालं, ठरलं. कोण आधी पटला, कोण शेवटी, हे कोणी लक्षात ठेवत नाही, कारण ते कधी बोललंच गेलेलं नसतं.

"आता लिहिलंय," ती म्हणाली. "अंगठा आहे. आता जेठ मागे कसे येणार? आले तर लोक म्हणतील, अंगठा देऊन फिरला. आणि ते नाय आले तर ती अठरा पण नाय येणार."

"पण अर्ज तरीही मंजूर होईल."

"होईल. मग पहिली सभा कोणाच्या अंगणात?"

बैठकीचं अंगण त्यांचंच. वीस वर्षांत मी जेवढे ठराव पास केले त्यांत हरलेली माणसं नंतर कुठे गेली, ते मी पाहिलं नव्हतं. काही सोसायटीच्या सभेला यायची बंद झाली होती, एवढं आठवलं. तेव्हा मी गैरहजर असं लिहून पुढे गेले होते.

रविवारी दुपारी मी पाड्यावर गेले. मुकादमीण बरोबर होती, पण ती अंगणाच्या कडेला थांबली. जेठ ओट्यावर गवताची दोरी वळत होते. मी खाली बसले. काही वेळ आंब्याचा मोहोर, गवताची कापणी आणि माझ्या गुडघ्याचं बोलणं झालं. मग मी म्हटलं, "काका, मी कागदाचं बोलायला आले."

"बोल."

"तुम्हाला पाड्याची सभा नको का?"

"तू परत विचारतेस. ते पोरगं पण तसंच विचारत होतं, होय का नाही, होय का नाही. बाजारात बाई बोंबलाचा भाव विचारते तसं."

मुकादमीण मागून हसली. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "हिला सगळी घाई. लग्न होऊन आली तेव्हापासून."

"मग तुम्ही 'नाही' असं का लिहिलंत?"

त्यांनी दोरी मांडीवर ठेवली. "कागद कोणाकडून आला?"

"माझ्याकडून."

"बागायतदाराच्या घरून. माझ्या बापाने अशाच कागदावर होयच्या बाजूला अंगठा दिला होता. तिथे तेव्हा एकच बाजू होती. वरचं गवताचं रान गेलं. कोणत्या घरचा कागद होता ते मी सांगत नाय, जुनी गोष्ट आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "होयच्या बाजूला अंगठा दिला की काय जातं ते मला माहीत आहे. तुझ्या कागदावर पहिल्यांदा दुसरी बाजू बघितली. म्हटलं, इकडे दिला तर काय जाणार?"

कोणत्या घरचा कागद, हे मी विचारलं नाही. आमच्या वाडीच्या मागे गवताचा एक तुकडा आहे, तो सासऱ्यांच्या वेळी आला, एवढं मला माहीत आहे. त्यापुढे मी कधी चौकशी केलेली नाही. तिथे बसून करावी असंही वाटलं नाही. हे जसं होतं तसं लिहिते आहे.

मी म्हटलं, "मी कागद आणायला नको होता."

"कागद लागतो, ते मला पण कळतं. ऑफिसात काय तोंडाने बोलणार? पण आधी बसतात, मग कागद. तुम्ही आधी कागद आणलात. आता बैठक लावू. तू ये पाहिजे तर. पेन आणू नको."

पुढच्या रविवारी बैठक झाली. मी पेन न घेता गेले. पर्सही टेम्पोत ठेवली. तीस-पस्तीस माणसं होती, मोजायचं नाही असं ठरवलं होतं तरी नजर फिरलीच. बायका एका बाजूला, त्यात विहिरीवर वेगळ्या पाळीने जाणाऱ्याही होत्या, मधे हातभर जागा सोडून.

बोलणं त्यांच्या बोलीत चाललं, मला बरंच कळत होतं. विहिरीचं बोलणं लवकर संपलं, त्यावर सगळे एकच होते. खरी चर्चा सभेवर होती. आणि ती माझ्या शेडमधल्या चर्चेपेक्षा पुष्कळ पुढची होती.

जेठ म्हणाले, "आता मोठ्या गावचा सरपंच आहे. रस्ता नाय झाला, त्याला शिव्या देतो. पाणी नाय आलं, त्याला शिव्या देतो. आपण सगळे मिळून देतो. उद्या आपली सभा झाली, पाणी नाय आलं, तर शिव्या कोणाला देणार? एकमेकांना."

एक माणूस म्हणाला, "काका, आत्ता पण देतोच."

"देतो, पण विसरतो. तेव्हा लिहून देशील."

हशा झाला. माझ्याकडे दोघा-तिघांनी बघितलं.

मुकादमीण उभी राहिली. बैठकीत बायका बसूनच बोलत होत्या, ती उभी राहिली. "मोठ्या गावाला शिव्या देऊन पाच वर्षं झाली. शिव्यांनी घागर भरत नाय."

"तुझ्या माहेरी सभा झाली ना," जेठ म्हणाले. "तिथे सगळ्यांत जास्त कोण बोलतो?"

ती पदर सारखा करू लागली.

"बोल की."

"माझा भाऊ," ती म्हणाली.

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. तीही हसली आणि खाली बसली. पण मुद्दा राहिला. सभा आपली झाली की एक माणूस मोठा होणार, आणि तो शेजारचाच असणार, दूरच्या गावचा नव्हे. जेठांची अडचण ही होती. मी इतके दिवस समजत होते की त्यांना कळलेलं नाही. त्यांना माझ्यापेक्षा एक पायरी पुढचं दिसत होतं.

मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मग दर बैठकीला दुसरा बसव वरती. ह्या टायमाला हा, पुढच्या टायमाला ती."

कोणीतरी विचारलं, असं चालतं का. सगळे माझ्याकडे वळले. मी तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. म्हटलं, "चालेल. दर सभेला तुमच्यातलाच वेगळा अध्यक्ष निवडता येतो. सरपंचच बसला पाहिजे असं नाही."

"बाईमाणूस पण?"

"हो."

जेठ उठले. मला वाटलं, बिडी पेटवायला चालले. ते ओट्यापर्यंत गेले आणि परत आले. "माझा अंगठा आहे त्या कागदावर," ते म्हणाले. "तो कागद कुठे आहे?"

"माझ्याकडे, घरी."

"तो इथे आण. सगळ्यांसमोर चुलीत घालू. मग नवीन बोलू."

मी मुकादमिणीकडे पाहिलं. त्याच कागदावर एकसष्ट जणांचं 'होय' होतं. त्यांत काही नंतर वीटभट्टीवर गेले होते, ते होळीशिवाय परत येणार नव्हते. कागद जाळला की तेही जाणार, आणि पुन्हा बावन्नपर्यंत पोचायला मार्च उजाडणार. मार्च म्हणजे विहीर आटणार. हे सगळं तिला माझ्याइतकंच कळत होतं. पाच वर्षं ती ज्याच्या मागे होती ते त्या तीन कागदांवर होतं, आणि मी ते कायद्याने आजही देऊ शकत होते.

ती म्हणाली, "आण बाई."

जेठांनी "आडवा नाय" असं म्हटलं नाही. "बघू"ही म्हटलं नाही. "पुढच्या रविवारी," एवढं म्हणाले, आणि दोरी वळायला बसले.

परतताना टेम्पोवाला म्हणाला, "भाभी, एक सांगू? झेरॉक्स काढून ठेवा. ओरिजिनल जाळू दे. मामला फिसकटला तर आपल्याकडे कॉपी."

मी त्याला गप्प केलं. पण सोमवारी डहाणूला गेले होते तेव्हा ते तीन कागद पिशवीत होते, आणि स्टेशनच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर मी उभी राहिले. पुढे दोन गिऱ्हाइकं होती. माझा नंबर आला. दुकानदाराने हात पुढे केला. मी घरच्या वीजबिलाची प्रत काढली आणि निघाले.

हे मी मोठं काही केलं म्हणून सांगत नाही. प्रत काढली असती तरी कोणाला कळलं नसतं. मला एवढंच कळलं की प्रत काढायची असेल तर मग कागद नेऊन जाळण्यात अर्थ नाही, आणि जाळायचा असेल तर प्रत काढण्यात.

शेडमध्ये मंगळवारी बोलणं पुन्हा सुरू झालं. टेम्पोवाला सांगत होता की कडक माणसाचा विचार त्याने सोडलेला नाही, फक्त तो दर बैठकीला बदलता आला पाहिजे.

"मग तुझी बायको पण दर बैठकीला बदल," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. 'नाही'च्या घरातली होती. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती. मुकादमिणीने हसून तिच्याकडे चिकूचा एक क्रेट ढकलला, पण ती तिथून उठून आली नाही.

त्यानंतर दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी जेठ लेकीकडे गेले होते, बैठक झाली नाही. दुसऱ्या रविवारी ते घरी होते. तसा निरोप मला शनिवारीच मिळाला होता, आणि मी गेले नाही. यजमानांना सांगितलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं. कपाट उघडलं, ते तीन कागद काढले, पुन्हा मोजले, एकसष्टच भरले, आणि परत फाइलमध्ये ठेवले.

सोमवारी दुपारी मुकादमीण म्हणाली, "विहिरीत हंडा आता खालच्या पायरीवरून बुडवावा लागतो."

नवीन कागद मी तयार केले आहेत. अनुक्रमांक, नाव, सही अथवा अंगठा. 'होय'चा रकाना नाही, 'नाही'चाही नाही. पण ते जुने कागद पाड्यावर पोचल्याशिवाय यांचा उपयोग नाही. जुने अजून कपाटात आहेत. न्यायचे राहिले आहेत.